अंतर तेच, मग विमानाचे तास का बदलतात?

इंटरनेटवर कुठल्याही दोन शहरांची नावं टाका, लगेच दोन आकडे समोर येतात: इतके किलोमीटर आणि विमानाने इतके तास. पहिल्या आकड्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे, कारण माझ्या नोकरीचा सगळा काळ त्या दुसऱ्या आकड्यामागे गेला.

मी फ्लाइट डिस्पॅचर होते. विमान कुठल्या वाटेने जाईल, किती उंचीवरून जाईल, किती इंधन घेईल आणि किती वेळात पोचेल याचा आराखडा विमान सुटण्याआधी जमिनीवर बसून तयार करायचा, हे आमचं काम. कॅप्टन तो आराखडा वाचतो, शंका विचारतो, पटला की सही करतो आणि मगच निघतो. त्या कागदावर अंतर आणि वेळ शेजारी शेजारी छापलेले असतात. त्याच दोन शहरांमधल्या त्याच फेरीचा कागद दुसऱ्या दिवशी काढला की दोन्ही आकडे बदललेले दिसतात. हो, अंतरसुद्धा. नातेवाईक मला फोन करून "अमुक ठिकाणी जायला किती तास लागतात गं?" असं विचारतात तेव्हा मी आधी "कुठल्या महिन्यात?" असं विचारते, आणि त्यांना वाटतं मी प्रश्न टाळतेय. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी अंतर बघू. रस्त्यासाठी काही शहरांनी आपापला शून्य बिंदू ठरवलेला आहे: टोकियोत निहोन्बाशी पूल, पॅरिसमध्ये नोत्र-दामसमोर जमिनीत बसवलेली खूण. विमानाचं अंतर मात्र धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचं. टोकियोलाच दोन मोठे विमानतळ आहेत, हानेदा शहराला चिकटून आणि नारिता साठेक किलोमीटर लांब. त्यामुळे "टोकियोपर्यंतचं अंतर" म्हटलं की कुठला विमानतळ, हा पहिला प्रश्न उरतोच. आणि रस्त्याच्या अंतरावरून हवेतल्या अंतराचा अंदाज बांधायला जाऊ नये. ब्वेनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ ही दोन राजधानीची शहरं हवेतून जेमतेम दोनशे किलोमीटरवर आहेत, पण मधे रिओ दे ला प्लाताचं अवाढव्य पात्र पसरलंय, त्याला वळसा घालून गाडीने गेलं तर जवळपास सहाशे होतात.

मग येते सरळ रेष. माझ्या टेबलावर शेवटपर्यंत पृथ्वीचा एक गोल होता आणि त्याच्या स्टँडला शिवणाचा दोरा गुंडाळलेला. नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना पहिल्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसवत नसे, त्यांच्या हातात तो दोरा देत असे. सांगायची, रशियातलं सेंट पीटर्सबर्ग ते अलास्कातलं अँकरेज मोजा. दोन्ही शहरं साधारण ६० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवली की रेष जवळजवळ आडवी जाते, आणि अक्षांश धरून त्या वाटेने खरोखर गेलं तर सुमारे १०,००० किलोमीटर भरतात. गोलावर दोरा ताणला की तो थेट उत्तर ध्रुवावर चढतो आणि पलीकडे उतरतो, कारण ही दोन शहरं रेखांशाच्या हिशेबात एकमेकांच्या अगदी पाठीमागे आहेत, जवळजवळ पूर्ण १८० अंशांवर. हे अंतर सुमारे ६,५५० किलोमीटर. साडेतीन हजार किलोमीटरची बचत, केवळ नकाशा बाजूला ठेवल्याने! मुलं परत परत दोरा ताणून बघायची. मला तो क्षण फार आवडायचा.

गोलावरच्या या सर्वात जवळच्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात. मर्केटर या नकाशाकाराचा १५६९ सालचा नकाशा ती वाट वाकडी दाखवतो, पण त्यात त्याचा दोष नाही. जहाज एकाच दिशेने, होकायंत्राचा कोन न बदलता चाललं तर ती वाट कागदावर सरळ दिसावी, यासाठी तो केलेला होता आणि खलाशांचं काम त्याने शतकानुशतकं चोख केलं. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी न्यूयॉर्कहून माद्रिदला निघालेलं विमान आधी ईशान्येला तोंड करतं. त्या वळणामुळे अक्षांशाच्या रेषेवरून जाण्यापेक्षा पावणेदोनशे किलोमीटर वाचतात.

घरी गोल असेल तर हे तुम्हीही मोजू शकता. दोन शहरांमध्ये दोरा ताणा, मग तोच दोरा विषुववृत्तावर धरा आणि त्याखाली किती अंश येतात ते बघा. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणजे साधारण १११ किलोमीटर. सागरी मैल १,८५२ मीटरचा ठरला तो यामुळेच, अंशाचा साठावा भाग तेवढा भरतो म्हणून. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५७, त्यामुळे पूर्ण गोल धरून केलेल्या हिशेबात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. दोन वेबसाइटांवर दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे दिसले तर कारण बहुधा हेच असतं.

आता आमच्या कागदावरचं अंतर. ते ग्रेट सर्कलपेक्षा नेहमीच थोडं जास्त असतं, कधी दोन-तीन टक्क्यांनी, कधी खूपच. तिबेटच्या पठारावरून बरीचशी विमानं जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, म्हणजे जवळपास १५,००० फुटांवर आहे. खाली यायचं कुठे? महासागरावर वेगळी अट. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ वाटेवर सतत हाताशी हवा. अमेरिकेत १९५३ साली ही मर्यादा ६० मिनिटांची होती. इंजिनं जशी भरवशाची होत गेली तशी ती वाढत गेली, आणि एअरबस ए३५०ला आता ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. दोन इंजिनांची विमानं आज दक्षिणेकडच्या ओसाड समुद्रांवरून जवळची वाट धरू शकतात ती या आकड्याच्या जोरावर.

आणि मग देशांच्या सीमा. युरोप आणि टोकियो यांच्यामधली जवळची वाट सायबेरियावरून जाते. शीतयुद्धाच्या काळात ते आकाश बहुतेकांना बंद होतं, म्हणून स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने १९५७ साली कोपनहेगनहून ध्रुवाकडून अँकरेजमार्गे टोकियोला सेवा सुरू केली. १९८३मध्ये फिनलंडच्या फिनएअरने हेलसिंकीहून सोव्हिएत हद्द टाळत, उत्तर ध्रुवावरून, मधे कुठेही न उतरता टोकियो गाठलं. पुढे सायबेरियाचं आकाश उघडलं आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास झाला. हेलसिंकी विमानतळाची भरभराट त्या जवळिकीवरच उभी होती. २०२२ साली रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. विमानं परत ध्रुवावरून जाऊ लागली, किंवा दक्षिणेकडून मध्य आशियाच्या वाटेने. दोन शहरं जागची हललेली नाहीत, विमानं आधीपेक्षा चांगली आहेत, आणि तरी साडेतीन तास वाढले. अंतर आणि वेळ यांचा एकच कायमचा आकडा छापणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

पण रोजच्या रोज तास बदलतात ते वाऱ्यामुळे, आणि माझा जीव खरा अडकला तो वाऱ्यात.

साधारण ३४,००० फुटांवरच्या वाऱ्याचा नकाशा आम्ही उघडायचो. हवामानवाल्यांच्या भाषेत तो २५० हेक्टोपास्कलचा, म्हणजे हवेचा दाब तेवढा असतो त्या पातळीचा नकाशा. जगभरच्या विमानांसाठीचा हा अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन या दोन केंद्रांतून दिवसातून चार वेळा निघतो. त्यात दोन्ही गोलार्धांवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे पट्टे दिसतात, वळणं घेत जाणारे, काही ठिकाणी तुटलेले. हे जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर तर नेहमीचे, हिवाळ्यात साडेतीनशेच्या वरही जातात. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते आणि जगभर वाचलं जावं म्हणून आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. एस्पेरांतो वाचणारे फार थोडे. १९४४मध्ये अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्या वाऱ्याने वैमानिक चकित झाले. माहिती जवळजवळ वीस वर्षं आधीपासून छापील स्वरूपात पडून होती, याची मला आजही हळहळ वाटते.

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो, आणि हवा स्वतः वाहत असते. वाहत्या नदीतल्या होडीचं जे होतं तेच विमानाचं. समजा ९,००० किलोमीटरचं अंतर आहे आणि विमान हवेत ताशी ९०० किलोमीटरने जातं. वारा नसेल तर जायला दहा तास, यायला दहा तास. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. तो पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग १,००० आणि वेळ नऊ तास. समोरून असेल तर वेग ८०० आणि वेळ सव्वाअकरा तास. बेरीज केली तर वीस तासांऐवजी सव्वावीस. जाताना मिळालं ते येताना गेलं, फिटंफाट, असं सगळ्यांना वाटतं, पण तसं होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ घालवतो. वारा जितका जोराचा तितका हा तोटा मोठा.

याचं स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रेलियात मिळतं. सिडनी आणि पर्थ यांच्यात सुमारे ३,३०० किलोमीटर. वेळापत्रकात सिडनीहून पर्थला साधारण पाच तास, पर्थहून सिडनीला साधारण चार. मधे ना बंद आकाश, ना उंच डोंगर. फक्त वारा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं, अगदी शिकलेल्यांनाही. तसं असतं तर पश्चिमेकडे जाताना शहर आपणहून विमानाच्या दिशेने सरकत आलं असतं आणि उलट तोच प्रवास लवकर संपला असता! हवा पृथ्वीबरोबरच फिरते. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो आडवाटेने: विषुववृत्ताकडची उबदार हवा ध्रुवाकडे सरकताना त्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि जेट स्ट्रीमला दिशा मिळते.

९ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. अटलांटिकवर वादळ होतं आणि जेट स्ट्रीम जोरात. जमिनीच्या हिशेबात विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर आवाजाचा वेग १,०६०च्या आसपास असतो, त्यामुळे "प्रवासी विमानाने आवाजाला मागे टाकलं" असं लोक बोलू लागले. हवेतला वेग नेहमीचाच होता, हवाच पळत होती. खरोखर आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं कॉनकॉर्ड ७ फेब्रुवारी १९९६ला हाच प्रवास २ तास ५३ मिनिटांत करून गेलं. दोन्ही विक्रम फेब्रुवारीतले आणि दोन्ही पूर्वेकडे जातानाचे आहेत.

वाऱ्यासाठी लांबची वाट धरणं हा आमच्या कामातला सगळ्यात सुंदर भाग. २०१६च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली. आधीची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, नवी सुमारे १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास आधी पोचलं, कारण पूर्वेकडे निघाल्यावर वारा सगळी वाट पाठीशी होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो आराखडा मनातल्या मनात तीनदा मांडून पाहिला होता. दोन शहरांमधलं ग्रेट सर्कल अंतर याहून कितीतरी कमी, साडेबारा हजारांच्या आत. त्या दिवशी ते अंतर कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

अटलांटिकवर तर रोज नव्या वाटा आखल्या जातात. कॅनडाच्या बाजूला गँडर आणि युरोपच्या बाजूला शॅनविक अशी दोन नियंत्रण केंद्रं वारा बघून त्या दिवसाच्या समांतर वाटा जाहीर करतात. रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांच्या वाटा जेट स्ट्रीमवर स्वार होतात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या त्याला चुकवून उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतात. रात्रपाळीत या वाटांचा संदेश आला की मी दोरा नाही तरी बोट गोलावर फिरवून बघत असे.

जमिनीवरच्या वेळेबद्दल थोडक्यात सांगते. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: विमान जागचं हललं तिथपासून पोचून जागेवर थांबलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, रांगेतली वाट आली, उतरल्यानंतरची चाल आली. मोठ्या विमानतळावर हे सहज अर्धा तास खातं. १०,००० फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरची वेगमर्यादा असते, आणि ३५,००० फुटांवरचं विमान मुक्कामाच्या जवळपास २०० किलोमीटर आधीपासून उतरायला लागतं. लंडनच्या हीथ्रोसारख्या ठिकाणी उतरणाऱ्यांची गर्दी झाली की विमानं चार ठरलेल्या जागांवर एकावर एक घिरट्या घालत थांबतात, एक घिरटी साधारण चार मिनिटांची. कंपन्या हा सगळा वेळ आधीच धरून तिकिटावर छापतात. "वैमानिकाने वेळ भरून काढला" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा ही राखून ठेवलेली मिनिटं कामी आलेली असतात.

अनिश्चिततेसाठी इंधनही राखून ठेवलेलं असतं. प्रवासाच्या इंधनावर साधारण पाच टक्के जादा, मुक्कामी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर शेवटचं अर्ध्या तासाचं, ज्याला हात लावायची वेळ येऊच नये अशी सगळ्यांची धडपड असते. वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला आणि तुमचं विमान उशिरा पोचतंय असं दिसलं, तर घाबरू नका, एवढंच सांगणं आहे.

छोट्या अंतरांना हे सगळे हिशेब लागूच पडत नाहीत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरचं विमान वेळापत्रकात दीड-दोन मिनिटांचं आहे. सगळ्यात जलद फेरी ५३ सेकंदांची.

बाकीच्यांसाठी माझा अंदाजाचा हिशेब असा: किलोमीटरना ८५०ने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. लंडन-न्यूयॉर्कला सात तास येतात. मग दिशा बघा. पूर्वेकडे जात असाल तर थोडा वेळ कमी करा, पश्चिमेकडे जात असाल तर तासभर वाढवा. उत्तर-दक्षिण प्रवासाला हा फरक बराच कमी. तिकिटावरच्या सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका. आम्ही कामावर सगळं यूटीसीमध्येच, म्हणजे जगभर एकच धरलेल्या वेळेत लिहायचो, ते या घोळापासून वाचण्यासाठीच. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी लॉस एंजेलिसला पोचतं, आणि घड्याळ बघून हिशेब केला तर वेळ उणे निघतो.

आणि मी महिना का विचारते ते. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोर धरतो, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या एकाच क्रमांकाच्या फेरीला हिवाळ्याच्या वेळापत्रकात उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ दिलेला असू शकतो. जोडविमान पकडायचं असेल तर मागच्या महिन्यात ओळखीतलं कुणी किती वेळात पोचलं हे विचारून ठरवू नका. त्याच फेरीच्या गेल्या दोन-तीन आठवड्यांतल्या प्रत्यक्ष पोचण्याच्या वेळा विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर मिळतात. त्यातली सगळ्यात उशिराची वेळ धरा, आणि तिच्यापुढे तासभर मोकळा राहील असं पुढचं तिकीट काढा.